त्रिकोण: न डळमळणारी आकृति

भूमितीवर भाषण करावयाचें आणि तेंही रेडिओवरून, हा प्रकार थोडा चमत्कारिक आहे. पुढें फळा नाहीं, हातांत खडू नाहीं, आणि समोरच्या मंडळींच्या चेहऱ्यावरून त्यांना समजलें कीं नाहीं हें ताडावें तर तीही सोय नाहीं. भूमितीच्या शिक्षकाची सारी भिस्त आकृतीवर. ती काढतांच येत नसेल तर श्रोत्यांच्याच हातून करवून घेणें एवढा एकच मार्ग उरतो. तेव्हां आरंभींच एक विनंति. काडेपेटींतल्या सात काड्या, कणकेच्या सात लहान गोळ्या, एक कागद आणि एक कात्री एवढें साहित्य जवळ घेऊन बसा. शेवटीं एक संत्रेंही लागणार आहे; पण तें आतांच सोलूं नका.

शाळेंत असतांना मला एक शंका नेहमीं येत असे. घराच्या भिंती, दारें, खिडक्या, पाट, पुस्तकें, पाटी, जिकडे पाहावें तिकडे चौकोनच चौकोन. मग भूमितीच्या पुस्तकांत पानामागून पान त्रिकोणाचेंच कां? चौकोनाची पाळी येईपर्यंत वर्ष सरत येई. एकदां धीर करून गुरुजींना विचारलें. "परीक्षेंत त्यावरच प्रश्न येतात," असें उत्तर मिळालें. उत्तर खोटें नव्हतें. पण शंका होती तेथेंच राहिली. पुढें कित्येक वर्षांनीं तिचें जें समाधान झालें तें आज आपल्यापुढें मांडावें असा विचार आहे.

आतां चार काड्या टोकाला टोक लावून कणकेच्या गोळ्यांनीं जोडा. चौरस तयार झाला. तो टेबलावर आडवा ठेवा, त्याची एक काडी दाबून धरा आणि समोरचा एक कोपरा बोटानें हळूच ढकला. चौरस कलतो आणि त्याचा शंकरपाळा होतो. काड्या त्याच, लांबी तीच, कोपरेही चारच. पण काटकोन गेले, आणि आकृतीनें व्यापलेली जागाही कमी झाली. आणखी ढकलीत गेलांत तर शेवटीं चारी काड्या एकमेकींना येऊन चिकटतात आणि चौकोनाचा मागमूसही उरत नाहीं. आतां उरलेल्या तीन काड्यांचा त्रिकोण करा. त्याचीही एक काडी दाबून धरून समोरचा कोपरा तसाच ढकलून पाहा. तो कलत नाहीं. फारच जोर केलांत तर कणीक सुटेल नाहीं तर काडी मोडेल. पण जोंवर तिन्ही काड्या शाबूत आणि जोडलेल्या आहेत, तोंवर कोन तसूभरही बदलणार नाहींत.

असें कां व्हावें? एक काडी टेबलावर पक्की ठेविली अशी कल्पना करा. तिच्या दोन्ही टोकांना एकेक काडी बिजागरीप्रमाणें जोडलेली आहे. डावी काडी फिरविली तर तिचें मोकळें टोक कंपासाच्या टोकाप्रमाणें एक वर्तुळ काढील. उजवी काडी दुसरें वर्तुळ काढील. दोन्ही मोकळीं टोकें एकत्र यावयाचीं तर तीं दोन वर्तुळें जेथें छेदतात तेथेंच येतील. असा बिंदु पहिल्या काडीच्या एका बाजूला एकच असतो. दुसऱ्या बाजूलाही एक आहे. पण तें पहिल्याचेंच आरशांतलें प्रतिबिंब. म्हणजे तीन बाजू ठरल्या कीं तिन्ही कोन आपोआप ठरले. तेथें कोणाच्या मर्जीला वाव नाहीं. चौकोनाला मात्र अशी एक मोकळीक राहून जाते, आणि त्या मोकळिकीचाच त्याला घात होतो.

सुतारानें हा सिद्धान्त पुस्तकांत वाचलेला नसतो, पण तो हातानें जाणतो. लाकडी फाटक चार पट्ट्यांचें केलें तर चार दिवसांत झोळ खातें. म्हणून तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकतो, आणि त्या चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. कौलारू घराच्या आढ्याखालची कैंची, रेल्वेच्या लोखंडी पुलाच्या बाजूंवरची ती तिरप्या पट्ट्यांची नक्षी, हीं सर्व याच जातीचीं. नक्षी म्हटलें खरें, पण ती शोभेसाठीं नाहीं. ती काढून टाकली तर पुलाचा शंकरपाळा होईल.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीं ओळखलेली आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. त्यांतील 'लीलावती' या भागांत क्षेत्रांचें गणित आहे. तेथें आचार्य एका ठिकाणीं चांगलेच रागावलेले दिसतात. चौकोनाच्या चार भुजा तेवढ्या सांगून त्याचें क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनीं पिशाच म्हटलें आहे, आणि असल्या प्रश्नाचें उत्तर देऊं पाहणारा त्याहूनही मोठा पिशाच! कां, तर चौकोनाची स्थिति चार भुजांनीं नियत होत नाहीं, एखादा कर्ण किंवा लंब सांगितल्यावांचून तो ठरत नाहीं, हें त्या दोघांनाही कळलेलें नाहीं. तुमच्या बोटाखालीं चौरसाचा शंकरपाळा झाला तेव्हां तुम्ही पाहिलें तें हेंच.

त्याच ग्रंथांत दुसराही एक इशारा आहे. कोणत्याही तीन लांब्या घेतल्या कीं त्रिकोण होतोच असें नाहीं. तीन, सहा आणि नऊ अशा भुजा सांगून आचार्य म्हणतात कीं हें क्षेत्रच नव्हे. दोन भुजांची बेरीज तिसरीहून मोठी असली पाहिजे. बरोबरीची असली तरी चालत नाहीं. आणि हें दाखवावयाचें कसें, तर भुजांच्या मापाच्या सरळ काड्या जागच्या जागीं ठेवून! तेव्हां मी आपल्याला काड्या घ्यावयास सांगितल्या यांत माझें नवें असें कांहीं नाहीं. ज्यांना हा नियम अवघड वाटेल त्यांनीं एवढेंच लक्षांत घ्यावें, कीं घरापासून बाजारापर्यंत सरळ जाणारा मनुष्य देवळावरून वळसा घेऊन जाणाऱ्यापेक्षां कमी चालतो.

आतां त्रिकोणाच्या प्रकारांकडे वळूं. भुजांवरून पाहिलें तर तिन्ही सारख्या तो समभुज, दोन सारख्या तो समद्विभुज, एकही जोडी सारखी नाहीं तो विषमभुज. कोनांवरून पाहिलें तर तिन्ही कोन काटकोनाहून लहान असतील तो लघुकोन त्रिकोण, एक काटकोन असेल तो काटकोन त्रिकोण, एक काटकोनाहून मोठा असेल तो विशालकोन त्रिकोण. हीं सहा नांवें मुलें पाढ्यासारखीं घोकतात, पण या दोन वाटण्या एकमेकींवर ठेवून पाहण्याची खरी गंमत बहुधा राहून जाते. समद्विभुज त्रिकोण काटकोनही असूं शकतो, विशालकोनही असूं शकतो. समभुजाला मात्र ती मुभा नाहीं, कारण समान भुजांसमोरचे कोन समान असतात आणि त्यामुळें त्याचे तिन्ही कोन साठ-साठ अंशांचेच निघतात. मुलांच्या कंपासपेटींत जे दोन गुण्ये असतात ते एकदां हातांत घेऊन पाहा. एक आहे चौरसाचा कर्णावर कापलेला अर्धा भाग. त्याचे कोन पंचेचाळीस, पंचेचाळीस आणि नव्वद. दुसरा समभुज त्रिकोणाचा उभा अर्धा भाग. त्याचे तीस, साठ आणि नव्वद. या दुसऱ्याची सर्वांत लहान भुजा सर्वांत मोठीच्या बरोबर निम्मी कां, हें तो समभुजाचा अर्धा आहे एवढें कळल्यावर पाठ करावें लागत नाहीं. गवंडी पाया आंखतांना दोरीवर तीन, चार आणि पांच फुटांच्या खुणा करून त्रिकोण ताणतो, आणि भिंत 'गुण्यांत' आली म्हणतो, तो काटकोन त्रिकोणाचाच प्रयोग.

कात्रीची पाळी आतां आली. कागदाचा कसलाही त्रिकोण कापा. जितका वेडावांकडा तितका बरा. त्याचे तिन्ही कोपरे फाडून वेगळे करा आणि तिन्हींचीं टोकें एका बिंदूशीं आणून कोपरे शेजारीं शेजारीं लावा. त्यांची खालची कड सरळ रेषेंत येते. म्हणजे तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, एकशें ऐंशी अंश. त्रिकोणांत दोन विशालकोन कां असूं शकत नाहींत, दोन काटकोनही कां नाहींत, याचें उत्तर या एका गोष्टींत आहे: पुढचा हप्ता भरण्यापूर्वींच पुंजी संपलेली असते.

पण कागद फाडणें हा अनुभव झाला, सिद्धि नव्हे. सिद्धि अशी. त्रिकोणाच्या माथ्यांतून पायाला समांतर अशी एक रेषा काढा. माथ्यापाशीं आतां तीन कोन झाले: मधला त्रिकोणाचा स्वतःचा, आणि त्याच्या दोहों बाजूंचे दोन. समांतर रेषांच्या नियमानें डाव्या बाजूचा कोन पायाच्या डाव्या कोनाइतका, उजवीकडचा उजव्या कोनाइतका. तिन्ही मिळून एक सरळ रेषा. इतकेंच. या सिद्धीचा सारा भार त्या एका समांतर रेषेवर आहे, एवढें मात्र मनांत असूं द्या. पुढें तिच्यावर प्रसंग येणार आहे.

येथवर आपण तीन बाजूंनीं त्रिकोण ठरविला. पण दोन डोंगरांमधलें अंतर काडीनें मोजतां येत नाहीं. मध्यें नदी आहे, अरण्य आहे, दरी आहे. तेथें त्रिकोणाचा दुसरा गुण कामास येतो. एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले कीं सबंध त्रिकोण ठरतो, आणि उरलेल्या दोन बाजू तेथपर्यंत न जातां गणितानें काढतां येतात. शिवाय काढलेली प्रत्येक बाजू नव्या त्रिकोणाचा पाया होते, त्याच्या बाजूंवर आणखी त्रिकोण, आणि अशी सांखळी वाटेल तितकी लांबवितां येते. एका सबंध देशाची मोजणी या एका युक्तीवर झाली, तो देश आपलाच.

१० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासेजवळ सेंट टॉमसच्या टेकडीपाशीं विल्यम लॅम्ब्टन यानें पहिली पायारेषा मोजण्यास आरंभ केला. शंभर फुटांची पोलादी सांखळी, ती उन्हानें किती वाढते याचा हिशेब, आणि जेमतेम साडेसात मैलांच्या रेषेला सत्तावन दिवस! पण त्यानंतर कित्येक महिने पुन्हां सांखळी हातीं धरण्याचें कारण नव्हतें; पुढें काम कोनांचें. कोन मोजण्याचें त्याचें मोठें थिओडोलाइट यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें. इंग्लंडहून येतांना तें फ्रेंचांच्या हातीं सांपडलें आणि मॉरिशसला गेलें. पण शास्त्राचें उपकरण म्हणून त्यांनीं तें परत धाडलें. १८०८ मध्यें तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवितांना दोर तुटून तें भिंतीवर आदळलें आणि त्याचें मुख्य वर्तुळ वांकलें. लॅम्ब्टननें स्वतःला तंबूंत कोंडून घेऊन सुमारें सहा आठवडे एकेक भाग ठाकठीक केला, आणि तेंच यंत्र पुन्हां टेकड्यांवर चढलें. तें खांद्यावर वाहणारे, टेकड्यांवर निशाण घेऊन दिवसेंदिवस उभे राहणारे, आणि तापानें तेथेंच मरून पडणारे लोक किती होते, त्यांचीं नांवें मात्र फारशीं लिहिलीं गेलीं नाहींत.

मघाशीं पाहिलेल्या प्रकारांचें महत्त्व येथें कळतें. मोजणीदाराच्या दृष्टीनें सर्व त्रिकोण सारखे नसतात. एक किलोमीटर लांबीचा पाया घ्या. दोन्ही टोकांचे कोन साठ-साठ अंशांचे असतील तर तिसरा बिंदु एक किलोमीटरवर येतो. आणि एका कोनांत एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली तर अंतरांत सुमारें चौतीस सेंटिमीटरांचा फरक पडतो. आतां तोच पाया, पण कोन एकोणनव्वद-एकोणनव्वद अंशांचे. तिसरा बिंदु साडेअठ्ठावीस किलोमीटरांच्या थोडा पलीकडे जातो. एवढ्याशा पायावरून इतकें लांबचें अंतर मिळालें म्हणून कोणाला लाभ झाल्यासारखा वाटेल. परंतु तीच एका कलेची चूक येथें जवळजवळ दोनशें चाळीस मीटरांचा घोटाळा करते. लांबच लांब, सुईसारखा निमुळता त्रिकोण दिसावयास त्रिकोणच. पण त्याच्या शब्दावर विसंबतां येत नाहीं. म्हणून कोणताही कोन तीस अंशांहून लहान आणि एकशें वीस अंशांहून मोठा नसावा असा मोजणीदारांचा दंडक आहे. समभुजाच्या जितकें जवळ तितकें चांगलें. शाळेंत ज्याला आपण केवळ देखणा समजत होतों, तो मैदानांत सर्वांत विश्वासू ठरतो.

आणखी एक गोष्ट. दोन कोन मोजले कीं तिसरा वजाबाकीनें मिळतो. मग तिसऱ्या टेकडीवर अर्ध्या टनाचें धूड चढविण्याची उठाठेव कशाला? तरीही शक्य तेथें तिन्ही कोन मोजीत. कारण वजाबाकीनें काढलेला तिसरा कोन पहिल्या दोहोंच्या चुका मुकाट्यानें पोटांत घालतो. तो स्वतंत्रपणें मोजला तरच त्यांची साक्ष तपासतां येते. बेरीज एकशें ऐंशींना किती चुकते यावरून हात कितपत नेमका होता तें कळतें. ज्या सिद्धान्ताच्या जोरावर एक कोन मोजण्याचे श्रम वांचवितां आले असते, तोच सिद्धान्त या लोकांनीं स्वतःवर पहारा म्हणून बसविला. मला या सबंध कथेंत हें सर्वांत मोठें वाटतें.

लॅम्ब्टनला ही सांखळी संपलेली पाहावयास मिळाली नाहीं. हैदराबादेहून नागपुराकडे जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं वर्धेच्या अलीकडे हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला, आणि तेथेंच त्याला पुरलें. काम जॉर्ज एव्हरेस्टनें पुढें चालविलें. गंगेच्या सपाट प्रदेशांत टेकड्या नाहींत म्हणून उंच मनोरे बांधावे लागले आणि रात्रीं दिवे लावून त्यांवर नेम धरावा लागला. १८४१ मध्यें कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची, जवळजवळ दीड हजार मैलांची, सांखळी पुरी झाली. वाटेंत ठिकठिकाणीं नव्यानें पायारेषा मोजून पडताळा घेतला, तेव्हां त्रिकोणांनीं सांगितलेली लांबी आणि सांखळीनें मोजलेली लांबी यांत काय तो इंचांचा फरक निघाला. पुढें याच जाळ्याच्या आधारानें हिमालयाचीं शिखरें मोजलीं. नेपाळांत पाऊल टाकण्यास मनाई होती, म्हणून शंभर मैलांहून दूरच्या मैदानांतून नेम धरावे लागले. त्या प्रचंड आकडेमोडींत मुख्य गणक राधानाथ सिकदर यांचें नांव अग्रभागीं आहे. पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची १८५६ मध्यें २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. २०२० मध्यें जाहीर झालेली ८,८४८.८६ मीटर ही उंची तिच्याहून अवघी सुमारें तीस फूट अधिक आहे.

आतां त्या समांतर रेषेवरचा प्रसंग. मोजणीच्या मोठ्या त्रिकोणांत, हात कितीही नेमका असला तरी, तीन कोनांची बेरीज बरोबर एकशें ऐंशी अंश येत नसे. ती किंचित् अधिकच यावयाची, आणि त्रिकोण जितका मोठा तितकी अधिक. तीस-तीस मैलांच्या बाजूंचा समभुज त्रिकोण असेल तर वाढावा सुमारें पांच विकलांचा. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेंवा भाग. ही चूक नव्हे. जमीन कागदासारखी सपाट नाहीं, पृथ्वी गोल आहे, आणि गोलावर सरळ जाणाऱ्या कोणत्याही दोन रेषा वाढवीत गेलें तर कोठें ना कोठें भेटतातच. तेथें समांतर रेषा नाहींच. मग तिच्यावर उभारलेली सिद्धि कशी टिकावी? म्हणून मोजणीदार त्रिकोणाच्या क्षेत्रफळावरून हा वाढावा आधींच काढून ठेवीत, मोजलेल्या बेरजेंतून तो वजा करीत, आणि मग जें कमीअधिक उरे तेवढीच आपली चूक म्हणून पदरांत घेऊन तिन्ही कोनांवर वांटून देत.

पांच विकला डोळ्यांना दिसावयाच्या नाहींत, म्हणून संत्रें. तें न सोलतां मधोमध आडवें कापा. प्रत्येक अर्धावर मध्यांतून जाणारे दोन काप एकमेकांशीं काटकोनांत द्या. आठ सारखे तुकडे झाले. आतां एका तुकड्याची साल तेवढी पाहा. ती तीन बाजूंची आहे, आणि तिचा प्रत्येक कोपरा काटकोन आहे. गुण्याच्या कोपऱ्यानें ताडून पाहा हवें तर. तीन काटकोनांचा त्रिकोण, बेरीज दोनशें सत्तर अंश! आणि तो समभुजही आहे. मघाशीं समभुजाला काटकोनाची मुभा नाहीं असें मीं सांगितलें, तें कागदावरचें होतें. ही साल गराला न दुखवितां अलगद सोडवा आणि टेबलावर सपाट बसवून पाहा. कडेला चिरल्यावांचून ती बसत नाहीं.